पाणी कोणाचे, कोळसा कोणाचा?

पाचट, काटक्या, भुसा, तुराट्या असा वाळलेला काडीकचरा हवा बेताची ठेवून जाळला म्हणजे त्याची राख न होता कोळसा होतो. तो कुटून शेणखतात मुरवावा आणि जमिनीत मिसळावा. जमीन ओल धरून ठेवते, खते वाहून जात नाहीत, पिकाला पाण्याचा ताण सोसवतो, शिवाय हवेत जाणारा कार्बन दीर्घकाळ मातीत गाडलेला राहतो. ‘बायोचार’ या नावाने सध्या कृषिमेळाव्यांतून सांगितला जाणारा मंत्र एवढाच आहे. मंत्र खोटा नाही. खोटे आहे ते त्याच्या आधाराने उभे केले जाणारे प्रतिपादन, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील जिराईत गावांचा प्रश्न हा मुळात मातीच्या गुणाचा प्रश्न असून तो मातीतच सोडवता येईल. या प्रतिपादनात मातीचा उल्लेख वारंवार येतो आणि कालव्याचा एकदाही येत नाही, यावरूनच ते कोणाच्या सोयीचे आहे हे ओळखावे.

२०२३ च्या ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत बारामती होते, इंदापूर होते, शेजारचे पुरंदर आणि दौंडही होते. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, त्याच शासनाच्या निर्णयानुसार राज्यातील उसाचा गाळप हंगाम सुरू झाला. दोन्ही आदेश एकाच मंत्रालयाच्या इमारतीतून निघाले आणि त्यांत कोणाला विसंगती दिसली नाही. पाऊस कमी झाला हे खरेच होते. पण ज्या तालुक्यांत पाणी नाही म्हणून सरकार कागदावर सही करते, त्याच तालुक्यांत वर्षभर पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडणीला उभा असतो, हे कोणत्या पर्जन्यमानाने समजावून सांगायचे? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, ही कारखान्यांची रांग पाहिली तर हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे असे परक्या माणसाला सांगूनही पटणार नाही. तो सुपे-मोरगावच्या माळावर किंवा कालव्याच्या शेपटाला असलेल्या इंदापूरच्या गावांत गेला, तरच त्याला ते पटेल.

हा विरोधाभास आजचा नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर, कोरडवाहू मुलखाला धान्यपिकांपुरते संरक्षण मिळावे, हा त्याचा जाहीर हेतू होता. परंतु कालव्याच्या खर्चावर व्याज सुटले पाहिजे, हा परक्या सरकारचा हिशेब होता, आणि ज्वारीच्या पाणीपट्टीतून ते सुटत नव्हते. उसाच्या पाणीपट्टीतून सुटत होते. दुष्काळनिवारणाचा कालवा उसाचा कालवा झाला तो असा. विसाव्या शतकाच्या आरंभी, पुण्यात कार्यकारी अभियंता असताना विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यासाठी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी मोजक्या गावांच्या उसात न जिरवता अनेक गावांत पसरावे, प्रत्येक ब्लॉकमध्ये उसाला तिसरा हिस्साच मिळावा आणि उरलेल्यात हलकी पिके घ्यावीत, असे तिचे सूत्र होते. एका अभियंत्याला, तेही साम्राज्याच्या नोकरीतील अभियंत्याला, सव्वाशे वर्षांपूर्वी जे उमजले ते स्वतंत्र महाराष्ट्राच्या सहकारमहर्षींना उमजले नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांना ते नको होते. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होत नाहीत तोच अतिपाण्याने जमिनी मरू लागल्या होत्या. एकाच कालव्यावर, डोक्याकडे पाण्याने माती मरते आणि शेपटाकडे पाण्यावाचून पीक मरते. मातीची काळजी वाहणाऱ्यांनी या दोन मरणांचे कारण एकच आहे, एवढे तरी मान्य करायला हवे.

आता बायोचारच्या बाजूने जे सांगितले जाते ते आकड्यांत मांडून पाहू. हेक्टरी १० टन कोळसा जमिनीत मिसळला, आणि तो आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरतो असे उदारपणे गृहीत धरले, तर एका हेक्टरात त्याने धरलेले पाणी २० टन, म्हणजे २० हजार लिटर झाले. शेतभर पसरले तर ते दोन मिलिमीटर पावसाइतके भरते. प्रत्येक पावसानंतर हे भांडे पुन्हा भरते आणि कोळशाने मातीची घडण सुधारते, हा लाभ वेगळा मोजावा, कारण तो खरा आहे. भाद्रपदात पावसाने पंधरा दिवस ओढ दिली असता याच दोन-चार मिलिमीटरांवर बाजरीची कणसे भरतात किंवा फुकट जातात. पण कोळसा पाणी धरतो, पाणी आणत नाही. महाराष्ट्रातील उसाच्या एका हेक्टराला एका हंगामात सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर उसाचे पाणी हे एक हजार हेक्टर माळावर पसरलेल्या कोळशाने एका वेळी धरलेल्या पाण्याच्या बरोबरीचे. त्यासाठी कोळसा लागेल १० हजार टन. हा हिशेब कोणत्याही शाळकरी मुलाला करता येण्याजोगा आहे, आणि म्हणूनच तो व्यासपीठावरून कधी केला जात नाही.

राज्यात पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश पाणी त्याला जाते, हे विरोधी पक्षांच्या पत्रकातले विधान नव्हे. केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच ते वारंवार मांडले आहे. चितळे आयोगाने १९९९ मध्ये तुटीच्या खोऱ्यांतील उसाबद्दल इशारा दिला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात बारमाही पिकांना ठिबकाशिवाय कालव्याचे पाणी देऊ नये, अशी तरतूदही झाली. ठिबक आले, अनुदान आले. वाचलेले पाणी मात्र शेजारच्या कोरड्या गावाकडे वळले नाही. बागायतदाराचेच बागायत वाढले. काटकसरीचे तंत्र जेव्हा विषम वाटपाच्या व्यवस्थेत पेरले जाते तेव्हा काटकसरीचे पीकही विषमच येते. ठिबकाची ही गोष्ट बायोचारच्या भक्तांनी रोज सकाळी एकदा आठवावी.

येथपर्यंतचे वाचून चळवळीतील काही मंडळी म्हणतील, की मग या थोतांडाकडे लक्षच कशाला द्यायचे? हे तितकेच चुकीचे होईल. कष्टकऱ्यांच्या पक्षाने विज्ञानाकडे पाठ फिरवावी यासारखी भांडवलदारांना सोयीची गोष्ट दुसरी नाही. जमिनीचा कस हा डाव्या विचाराला परका विषयही नाही. लीबिगने मातीतून पोषक द्रव्ये लुटली जातात असे दाखवून दिले आणि मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ च्या पहिल्या खंडात त्यातून राजकीय निष्कर्ष काढला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरच्या पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर शेतांत कसे उतरत असे, जंगलखात्याने डोंगर बळकावल्यावर ते कसे बंद पडले, आणि सरकारने बांध-तळी बांधून माती व पाणी शेतातच मुरवावे, हे सविस्तर सांगितले. कोकणातला आणि मावळातला शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो, तेव्हा पाल्याच्या जळितातून माती सुधारण्याचाच एक प्रकार तो करीत असतो. १८८५ च्या सुमारास ठाणे-कुलाब्याच्या जंगलचौकशीत या राबावरून केवढे वादळ उठले होते! ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आदिवासींनी कोळसा, हाडे, खापऱ्या आणि उकिरडा यांतून शेकडो वर्षांपूर्वी घडवलेली काळी माती आजही सुपीक आहे. हे ज्ञान श्रमिकांचे आहे. ते कंपन्यांच्या पेटंटीत जाऊ देण्याचे कारण नाही.

मात्र विज्ञान घ्यायचे तर सगळे घ्यावे. जगभरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात बायोचारने पिकाचे उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि समशीतोष्ण देशांत जवळजवळ काहीच वाढ आढळली नाही. पहिला आकडा सर्व जाहिरातींत असतो. दुसरा नसतो, आणि पहिल्यामागचे कारण तर मुळीच नसते. कारण असे, की त्या उष्ण प्रदेशांतल्या पुष्कळ जमिनी आम्लधर्मी आणि निकस आहेत. अल्कधर्मी कोळसा तेथे चुन्याचे काम करतो. नीरा-भीमेच्या खोऱ्यातील काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे, तिचा सामू आठाच्या पुढे असतो. तिला चुन्याची गरज नाही. जी जमीन क्षारपड झाली आहे तिला तर प्रथम निचरा हवा, चर हवेत, जिप्सम हवे आणि वरून येणारे अतोनात पाणी थांबायला हवे. राखेने भरलेला कोळसा तेथे ओतणे म्हणजे दुखणे डोक्याला आणि लेप पायाला, तोही झोंबणारा.

कोळशाने खरा फरक पडतो तो हलक्या, मुरमाड, उथळ जमिनीत. भारी काळ्या मातीत पाणी धरण्याची शक्ती मुळात पुष्कळ असते, तेथे कोळशाने तीत पडणारी भर थोडी. भरड मातीत ती बरीच. बारामती तालुक्याचा पश्चिम-उत्तरेकडचा माळ, इंदापूरच्या कालव्यापासून दूर असलेल्या वाड्यावस्त्यांच्या जमिनी, हातभर खाली मुरूम लागणारी बाजरी-मटकीची शेते, ही बायोचारची हक्काची जागा. माळेगाव खुर्द येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता असे पिकांवरचे ताण हाच तिचा अभ्यासविषय, आणि तिच्या वाट्याला आलेली जागाही तसाच खडकाळ माळ होती. सरकारी पैशाने चालणारी ही संस्था या दोन तालुक्यांच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या प्रयोगांचा पहिला लाभार्थी कोण, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सुप्याच्या शेतकऱ्याला आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोठा प्रयोग करायला घेतला तो उसावर. बाजरीला कृत्रिम बुद्धिमत्ता मिळेल तेव्हा मिळो. निदान कोळसा तरी आधी उसाला मिळू नये.

पण तो आधी उसालाच मिळेल, अशी सगळी रचना आहे, आणि या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. कोळसा करायचा कशाचा? जिराईत शेतकऱ्याकडे जाळण्याजोगे काही उरत नाही. ज्वारी-बाजरीची वैरण जनावराला जाते, तुरीच्या तुराट्या चुलीला किंवा कुडाला जातात. विपुल काडीकचरा आहे तो एकाच ठिकाणी, उसाच्या फडात. हेक्टरी सुमारे १० टन पाचट मागे राहते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर बनवले. त्यांत इंधनाच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश कोळसा मागे राहत असे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने पाचटाच्या कोळशाच्या कांड्या स्वयंपाकासाठी तयार केल्या आणि त्या कामाला २००२ मध्ये ॲशडेन पारितोषिक मिळाले. म्हणजे तंत्र पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच नीरेच्या पलीकडच्या काठाला आले होते. अडले ते तंत्रावाचून नव्हे. दहा टन पाचटाचा कोळसा अडीच ते तीन टन. एका माळरानी हेक्टराला दहा टन द्यायचा, तर साडेतीन-चार हेक्टर उसाचे सारे पाचट लागेल. ते पाचट बागायतदाराच्या मालकीचे. ज्याच्या हाती पाणी, त्याच्याच हाती काडीकचरा. ज्याच्या हाती काडीकचरा, त्याच्याच हाती कोळसा. कालव्याने शंभर-सव्वाशे वर्षे जी विषमता पाण्याच्या रूपाने वाहून नेली, तीच आता काळ्या भुकटीच्या रूपाने मातीत कायमची गाडली जाईल. कायमची म्हणजे शब्दशः. कोळसा शेकडो वर्षे टिकतो, ही तर त्याची ख्याती.

आणखी एक गोष्ट. पाचट ही टाकाऊ वस्तू नाही. ते फडात तसेच पसरून ठेवले तर जमिनीवर आच्छादन होते, बाष्पीभवन कमी होते, खोडव्याचे पाणी वाचते आणि कुजून सेंद्रिय खत होते. माळेगावच्या संस्थेनेच ‘सॉर्फ’ नावाचे यंत्र तयार केले आहे, ते पाचट न जाळता खोडव्याचे बुडखे छाटते आणि खत जमिनीत पेरते. मग पाचट पेटवणाऱ्या बागायतदाराला आधी पाचट ठेवायला लावायचे, की त्याच्या जाळण्याला कोळसा हे सुधारलेले नाव द्यायचे? ऊसतोडणी कामगारांचा यात वेगळा प्रश्न आहे. हिरवे वाढे हा तोडणाऱ्यांचा रूढ हक्क. बीडकडून आलेली कोयत्यावरची जोडपी ते विकून किंवा बैलांना घालून हंगाम काढतात. पाचटाला भाव आला, गठ्ठे बांधणारी यंत्रे फडात उतरली आणि ‘काडीकचरा’ या व्याख्येत सगळेच मोजले जाऊ लागले, तर उचल आणि मुकादम यांच्या कचाट्यात आधीच अडकलेल्या माणसाच्या हातून हेही जाईल. त्याबद्दल एकाही परिपत्रकात ओळ असेल, अशी अपेक्षा अनुभवाने करवत नाही.

पाचटाला पर्याय म्हणून वेड्या बाभळीचे नाव पुढे केले जाते. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या पाणफुगवट्याच्या काठाने आणि गावोगावच्या गायरानांवर ही बाभूळ माजली आहे, हे खरे. ती काढायला हवी, हेही खरे. पण गायरानावरची बाभूळ ही भूमिहीनाची चूल आहे, आणि गॅसची टाकी परवडेनाशी झाली म्हणजे ती पुन्हा पेटते. शिवाय वेड्या बाभळीचा कोळसा पाडण्याचे काम महाराष्ट्रात कोण करते, याची चौकशी सुशिक्षित पर्यावरणवाद्यांनी एकदा करावी. रायगडच्या डोंगरांतील कातकरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत. पावसाळ्याच्या पोटाला म्हणून घेतलेली उचल फेडण्यासाठी, दिवाळीनंतर बायकापोरांसह, पुणे-सातारा-सोलापूरच्या माळांवर, मराठवाड्यात आणि थेट कर्नाटकापर्यंत त्यांना भट्ट्यांवर नेले जाते. झाड तोडायचे, भट्टी रचायची, मातीने लिंपायची, रात्र-रात्र जागून धुराकडे डोळे लावायचे. जाळ कमी पडला तर लाकूड कच्चे, जास्त झाला तर राख, आणि राख झाली तर नुकसान मजुराच्या खात्यावर. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आज पन्नास वर्षे झाली तरी कोळसा भट्टी ही त्या कायद्याच्या उल्लंघनाची हमखास जागा राहिली आहे. उल्का महाजन आणि सर्वहारा जन आंदोलनाने रायगडात हे प्रश्न लावून धरले नसते, तर शहरी महाराष्ट्राला भट्टीवरचा कातकरी ठाऊकही झाला नसता. आता त्याच भट्टीला लोखंडी झाकण बसवून ‘हवामानस्नेही उद्योग’ असे नाव देण्यात येईल. ज्या ठेकेदाराकडे ती भट्टी जाईल त्याच्याकडे मजुरांची नोंद, किमान वेतन, मुलांची शाळा आणि धुरावरचा बंदोबस्त असेल याची हमी कोण देणार?

या सगळ्यामागे नफा कोठे आहे, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कोळशात तीन चतुर्थांश कार्बन धरला तर एक टन कोळसा म्हणजे सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड हवेतून बाजूला झाला, असा कागद तयार करता येतो. तो कागद विकता येतो. गूगल कंपनीने २०२५ च्या जानेवारीत भारतातील एका कंपनीकडून बायोचारवर आधारलेली एक लाख टनांची कार्बन-श्रेये २०३० पर्यंत विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्यातला कच्चा माल गुजरातमधली वेडी बाभूळच आहे. अमेरिकेतील संगणकगृहांचा धूर तसाच चालू राहील आणि त्याचे प्रायश्चित्त माळरानावरच्या भट्टीत होईल. व्यवहार कायदेशीर आहे. प्रश्न एवढाच, की श्रेयाचा मालक कोण? जमीन शेतकऱ्याची, काडीकचरा गावाचा, श्रम कातकऱ्याचे, संशोधन पुष्कळसे सरकारी पैशाचे, आणि श्रेय मात्र ज्याने मोजमापाचे प्रमाणपत्र आणले त्याचे. शेतकऱ्याला कोळसा फुकट मिळतो, असे उत्तर दिले जाते. फुकट मिळणाऱ्या कोळशाच्या मोबदल्यात त्याने कशावर सही केली, तो मजकूर मराठीत होता की इंग्रजीत, आणि वीस वर्षांनी ती जमीन विकताना किंवा तिच्यावर विहीर खणताना त्या सहीचा अर्थ काय होईल, हे कोणी विचारत नाही. बटाईदाराचे तर नावच कोठे येत नाही. कूळकायद्याच्या भीतीने बटाई तोंडी ठेवली जाते. तोंडी बटाईने कसणाऱ्याने मालकाच्या जमिनीत शंभर वर्षांचा कोळसा का भरावा? त्याने भरला, तर जमीन सुधारल्यावर पहिला काढला जाईल तो तोच.

यावर कोणी म्हणेल, की अडचणी सांगणे सोपे, मार्ग दाखवा. मार्ग बारामतीच्या वेशीवरच दाखवून झालेला आहे. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७४ पासून, पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणसांवर वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. या पाच वाक्यांत महाराष्ट्राच्या साऱ्या सिंचनधोरणापेक्षा अधिक समाजवाद आहे. पाणी पंचायतीला मर्यादा पडल्या, उपशाच्या विजेने तिला हैराण केले, सरकारने तिला शाबासकी देऊन बाजूला ठेवले. तरी तत्त्व आजही उभे आहे, आणि ते कोळशाला जसेच्या तसे लागू करता येते. कोळसा जमिनीवर न वाटता माणशी वाटायचा. आधी मुरमाड जिराईत, मग मध्यम. बागायतीला शेवटी, आणि क्षारपडीला निचऱ्याशिवाय नाहीच. कच्चा माल म्हणून जो साखर कारखाना या भागातील पाण्यावर वाढलेला ऊस गाळतो त्याच्यावर, त्या पाण्याच्या बदल्यात, आच्छादनासाठी ठेवून उरलेल्या पाचटाचा ठरावीक भाग जिराईत गावांच्या भट्ट्यांना पोचवण्याचे बंधन घालायचे. कारखाना सभासदांचा आहे, सभासद खासगी मालक आहेत, असे उत्तर येईल. कालवा मात्र खासगी नाही, हे प्रत्युत्तर तयार ठेवावे.

भट्टी ग्रामसभेची असावी, आणि तिच्यावरचे काम मजुरीचे सार्वजनिक काम म्हणून चालावे. दुष्काळात माणसाला काम मागण्याचा हक्क असतो, हे महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने देशाला शिकवले. त्या काळी लोकांनी खडी फोडली आणि पाझर तलाव खणले. कोळसा पाडणे, तो शेणात मुरवणे, माळावर मिसळणे हे खडी फोडण्याहून निश्चितच उत्पादक काम आहे. कच्चा कोळसा तसाच मातीत घातला तर तो पिकाच्या तोंडचे नत्र काही काळ स्वतःकडेच ओढून ठेवतो, म्हणून तो शेणखतात मुरवणे आवश्यक. ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याला शेणही सामूहिक खड्ड्यातूनच द्यावे लागेल. कातकरी येतील ते उचल न घेता, कुशल कारागीर म्हणून, रोजाच्या दराने. भट्टीच्या धुराची आणि जाळाची पारख त्यांच्याइतकी कोणत्याही अभियंत्याला नाही, आणि ती पारख हे त्यांचे भांडवल आहे असे मानून त्यांना मजुरी ठरवून द्यावी. कार्बन-श्रेय विकायचेच असेल तर ते ग्रामसभेच्या नावाने, करार मराठीत वाचून दाखवून, आणि आलेली रक्कम मजूर, कसणारा व भूमिहीन यांच्यात वाटून. कसणारा म्हणजे सातबाऱ्यावरचा मालकच असे नव्हे.

हे सारे झाले तरी कालव्याचा प्रश्न जागच्या जागी राहतो, आणि तो राहू द्यायचा नाही. कोळशाने सुधारलेल्या माळाला रब्बीच्या एका संरक्षक पाण्याची जोड मिळाली तर ज्वारी निश्चित हाती लागते; पाण्याशिवाय सुधारलेली माती ही धान्याशिवायची सुंदर कणगी. म्हणून ज्या गावात बायोचारचा प्रयोग होईल त्या गावाला एका पाळीचे पाणी हक्काने नोंदवून मिळाले पाहिजे, आणि ते वरच्या भागातील उसाचे क्षेत्र ब्लॉक पद्धतीच्या मूळ सूत्राजवळ आणूनच द्यावे लागेल, आकाशातून नव्हे. जनाई-शिरसाई, लाकडी-निंबोडी अशा उपसा योजनांची नावे प्रत्येक निवडणुकीत घेतली जातात. त्यांचे पाणी आले तरी ते माणशी वाटले जाणार की मोटारीच्या ताकदीप्रमाणे, हे आधी ठरले नाही तर माळावर आणखी एक उसाचा पट्टा उठेल आणि त्याच्या पलीकडे नवा जिराईत भाग तयार होईल. उजनीच्या पाण्यावर सोलापूरचाही हक्क आहे, हे भांडण तर आणखी निराळे. त्यात इंदापूरच्या गरिबाला सोलापूरच्या गरिबाविरुद्ध उभे करण्याचा खेळ कोण खेळते, हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना सांगावे लागू नये.

रब्बीच्या आवर्तनांचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. पालकमंत्री असतात, आमदार असतात, कारखान्यांची माणसे असतात, अधिकारी नकाशे घेऊन बसतात. शेपटाच्या गावांना तेथे जायचे असेल तर हात हलवत जाऊन उपयोग नाही. आपापल्या गावाचा एक कागद तयार करावा: शिवारात ऊस किती हेक्टर, त्याला पाणी किती, त्याचे पाचट किती आणि त्यातले जाळले किती, मुरमाड जिराईत किती, गेल्या तीन वर्षांत कालव्याच्या पाळ्या ठरल्या किती आणि आल्या किती, गावात माणसे किती आणि त्यांतली भूमिहीन किती. हा कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, त्यावर अंगठे घ्यावेत, आणि मग बैठकीच्या दाराशी न्यावा.